हलगेकर सरांची सुट्टी

खासबागेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम ऑनलाइन फॉर्मचं. आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला, पासपोर्ट. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी हलगेकर सर आणि कल्याणीकाकू दोघं मिळून दुकानात आले. त्या दोघांना मिळून कुठं जाताना मी कधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी वाईट घडलंय.

"विनोद, पासपोर्टचे फॉर्म भरायचेत. दोन," सर म्हणाले.

"कोण चाललंय सर? निशांतकडं काय?" निशांत म्हणजे त्यांचा मुलगा. तो पुण्यात असतो, पण मला वाटलं कंपनीनं बाहेर पाठवलं असेल.

"न्हाय रं. आम्ही दोघं चाललोय. आंदोऱ्याला."

मला ते बदामीच्या बाजूचं एखादं गाव वाटलं. माझं तोंड बघून काकू हसल्या. "मलापण असंच वाटलेलं," त्या म्हणाल्या. "देश हाय म्हणे. फ्रान्स आणि स्पेनच्या मधी. आपल्या खानापूर तालुक्याहून बारका."

हलगेकर सर मला आठवी ते दहावी भूगोल आणि इतिहास शिकवायला होते. आमचं गाव सीमाभागात, खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. तिथल्या मराठी हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं काढली. घर खासबागेत, शाळा तिकडं. सकाळी निघायचे ते संध्याकाळी घरी. शिकवायचे चांगले, पण गाव त्यांना ओळखायचं ते मे महिन्यामुळं. इतर शिक्षक सुट्टीला गावी जायचे तेव्हा सर उन्हातान्हात दारोदार फिरायचे. "पोराला आपल्या शाळेत घाला. पोरीचं नाव काढू नका." दरवर्षी पट कमी होत होता आणि दरवर्षी सर चार घरं जास्त फिरत होते. काकू म्हणायच्या, "आमचं लग्न मे महिन्यात झालं. तिसऱ्या दिवशी हे पटनोंदणीला गेले, ते अजून परत आले न्हाईत."

काकू घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. वडगावातल्या विणकरांच्या बायका गठ्ठे आणून द्यायच्या. निशांतचं शिक्षण, सरांच्या आईचं आजारपण, सगळं त्या मशीनवर बसूनच त्यांनी निभावलं. कुठं फिरायला जायचं ठरलं की शाळेचं काहीतरी निघायचंच. महाबळेश्वर दोनदा ठरलं, दोनदा मोडलं.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी शाळा बंद झाली. शेवटी नऊ पोरं उरली होती. फळे, बाक, नकाशे टेम्पोत भरून गेले. त्या दिवशी सर घरी आले आणि पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी काकूंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुमची शाळा न्हाय. आता मला एक सुट्टी द्या. कुठं न्यायचं ते तुम्ही ठरवा, पण न्या."

सरांनी महिनाभर वाचलं. मोबाइलवर, वाचनालयात, जुन्या ॲटलासात. आणि त्यांनी हा आंदोरा काढला. सगळा डोंगर. विमानतळ नाही, रेल्वे नाही. बार्सिलोनाला किंवा तुलूझला उतरायचं आणि तिथनं बसनं तीन तास वर जायचं. फॉर्म भरता भरता सरांनी मला अर्धा तास शिकवलं. साडेसातशे वर्षांपूर्वी दोन धन्यांचं त्या डोंगरावरनं भांडण झालं. एक तिकडचा बिशप, एक फ्रान्सच्या बाजूचा सरदार. शेवटी दोघांनी मिळून करार केला, दोघांचंही राज्य. अजून देशाचे प्रमुख दोन.

"आणि शाळा तीन तऱ्हेच्या, विनोद! कॅटलान हवी तर कॅटलान, फ्रेंच हवी तर फ्रेंच, स्पॅनिश हवी तर स्पॅनिश. सगळ्या सरकारी. आई-बापानं कुठं घालायचं ते ठरवायचं. कुणी दारोदार हिंडत न्हाय तिथं."

"बघ," काकू मला म्हणाल्या. "माझ्या सुट्टीतपण शाळा."

पण त्या रागावल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात त्या रोज दुकानात यायच्या तेव्हा मला काही ना काही नवीन सांगायच्या. ओर्दिनो नावाचं एक गाव त्यांनी व्हिडिओत बघून ठेवलं होतं. दगडी घरं, घरांच्या खिडक्यांत फुलं, मधनं ओढा, आणि समोर मे महिन्यातही डोंगराच्या डोक्यावर बर्फ. काकूंनी पिशवीत एक वही ठेवली होती. काय न्यायचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचं तेल, दोन स्वेटर. काय शिकायचं: ‘बोन दिया’ म्हणजे नमस्कार. सकाळी दोघं राजहंसगडावर चढायचा सराव करायला जायचे. काकू नवीन बूट घालून, पदर खोचून. गल्लीतल्या बायका हसायच्या आणि काकूही त्यांच्यात हसायच्या.

एकदा मी विचारलं, "काकू, एवढा पैसा घालून जाणार, तर सगळे जातात तसं स्वित्झर्लंडला जावा की. सरांच्या नादाला का लागलासा?"

"मला कुठलंपण चालतंय रं," त्या म्हणाल्या. "मला फक्त असं गाव पायजे, जिथं कुणी दार वाजवून ‘सर हायत काय?’ म्हणून विचारणार न्हाय. आठ दिवस. आठ दिवस मला ह्या माणसाशेजारी बाकावर बसायचंय. बास."

काकूंचा पासपोर्ट तीन आठवड्यांत आला. सरांचा आला नाही.

पोलीस चौकशीला जो हवालदार आला, तो सज्जन होता. तो आत बसला, चहा घेतला, कागद चाळले आणि खाली बघून कानडीत म्हणाला, "सर, निम्म मेले ओंदु केस इदे." तुमच्यावर एक केस आहे.

सरांना केस माहीत नव्हती असं नाही. ते विसरले होते. अठरा वर्षांपूर्वी शाळेवरची मराठी पाटी काढून कानडी लावायला लोक आले तेव्हा सर आणि गावातली सात माणसं शाळेच्या दारात बसली. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. दोन तास बसले, पोलिसांनी उचलून नेलं, संध्याकाळी सोडलं. बेकायदा जमाव आणि रस्ता अडवला म्हणून गुन्हा नोंद झाला. सुरुवातीला चार-पाच तारखा झाल्या, मग साक्षीदार सापडेनात, फाइल पडून राहिली. आठांतली तीन माणसं तोवर मेली. सगळ्यांना वाटलं, केसही मेली असेल.

सरांनी वकील गाठला. कोर्टाची परवानगी मिळाली तर पासपोर्ट मिळतो, म्हणून अर्ज टाकला. पहिल्या तारखेला समोरच्या वकिलानं वेळ मागितला. दुसरीला न्यायाधीशांची बदली झाली होती. तिसरी तारीख पडली एप्रिलच्या शेवटी, त्या दिवशी कोर्ट चाललंच नाही. आणि मग मे. मे महिन्यात कोर्टालाच सुट्टी.

तो महिना काकूंनी मशीनवर काढला. लग्नसराई होती, गठ्ठे भरपूर होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जाऊ. डोंगर कुठं पळून चाललाय?"

पण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ती माझ्या तोंडातनं गेली.

जूनमध्ये सरांबरोबर मी एकदा वकिलाकडं गेलतो, कागदांच्या प्रती घेऊन. वकील सरांना म्हणाला, "हलगेकर, तुम्ही उगाच वर्ष घालवूलासा. ही कलमं बारकी आहेत. उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, थोडा दंड भरायचा. एका दिवसात केस संपली. महिन्यात पासपोर्ट हातात. हे मी तुम्हाला मार्चमध्येच सांगितलंय."

सर म्हणाले, "मीपण तुम्हाला मार्चमध्येच सांगितलंय. मी गुन्हा केलेला न्हाय."

"कोण म्हणतंय केलाय म्हणून? नुसतं तोंडानं म्हणायचं."

"मी एकतीस वर्षं पोरांना तोंडानंच शिकवलंय," सर म्हणाले आणि उठले.

मला तेव्हा सरांचा अभिमान वाटला. खरं सांगतो, माझे डोळे भरले. पुढच्या आठवड्यात काकू एका साडीवाल्या बाईचा फॉर्म घेऊन आल्या. कसं काय चाललंय म्हणून बोलता बोलता मी मोठेपणानं सांगून टाकलं. "काकू, सर म्हणजे सर हायत. वकील म्हणतोय एका दिवसात मिटवतो, कबूल म्हणा. सर म्हणाले, मरेन पण म्हणणार न्हाय."

काकूंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "कधी म्हणाला वकील?"

मी उगाचच मशीनमधले कागद सारखे करायला लागलो. त्यांनी परत विचारलं.

"मार्चमध्ये," मी म्हणालो.

फॉर्म तिथंच राहिला. त्या घरी गेल्या.

घरात काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं सारखंच होतं. काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मला का सांगितलं न्हाय?"

सर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू कबूल म्हणा म्हणाली असतीस."

"न्हाय," काकू म्हणाल्या. "मी म्हणाले असते, राहू द्या. तुमच्या तोंडातनं ते वदवून मला कुठलाबी डोंगर बघायचा नव्हता. पण तुम्ही मला विचारायला पायजे होतं. दोन महिने मी बूट घालून गड चढूलोय, तुम्ही शेजारनं चालूलाय, आणि तुम्हाला ठाऊक हाय की आपण जाणार न्हाय."

हे सांगताना सर मला म्हणाले, "विनोद, मला वाटत होतं, अर्ज मंजूर होईल. मला खरंच वाटत होतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाय. मला तिचं तोंड बघवत नव्हतं, एवढंच."

ऑगस्टमध्ये निशांतची बायको श्रिया हिचे दिवस भरत आले. काकू पुण्याला गेल्या. बाळंतपण झालं, नातू झाला, सव्वा महिना झाला, दिवाळी झाली. काकू परत आल्या नाहीत. सर दोनदा पुण्याला जाऊन आले, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी एकटे परतले. आंघोळीचं पाणी, बाळाचे कपडे, श्रियाची नोकरी. काकूंकडं सांगायला कारणं होती आणि सगळी खरी होती. फोनवर त्या सरांची विचारपूस करायच्या. जेवलासा का, गोळ्या घेतलासा का. जशी शेजाऱ्याची करतात तशी.

सर वाळले. दाढी वाढली. बंद शाळेचं त्यांनी सोसलं होतं. तिथं निदान चिडायला माणसं होती. इथं कुणावर चिडणार?

डिसेंबरात एक दिवस ते दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्या तारीख हाय. येतोस काय?"

मी गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात भावकू बसला होता. भावकू आमच्या गावचा, भाताची थोडी जमीन आहे त्याला. आठांतला तोही एक. तो आणि आठांतलाच रवळू, दोघं प्रत्येक तारखेला पहाटे गावातनं निघून एस.टी.नं यायचे. सरांनी अर्ज टाकल्यामुळं झोपलेली फाइल जागी झाली होती आणि त्या सगळ्यांनाच पुन्हा बोलावणं आलं होतं. त्याबद्दल भावकूनं कधी तक्रार केली नव्हती. सरांना बघून तो उठून उभा राहिला. "सर, या. बसा हितं, ऊन न्हाय."

नाव पुकारलं. पाचही जण आत जाऊन उभे राहिले. कारकुनानं कानडीत आरोप वाचला. मग न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, "तप्पु ओप्पिकोळ्तीरा?" गुन्हा कबूल करता का? सर पहिले होते.

सर समोरच्या कठड्याकडं बघत राहिले. न्यायाधीशांना वाटलं ऐकू आलं नाही, त्यांनी परत विचारलं.

"हौदु," सर म्हणाले. होय.

भावकूनं मान वळवून सरांकडं बघितलं. मग त्याला विचारलं तेव्हा तो मोठ्यानं मराठीतच म्हणाला, "न्हाय. मी काय केल्याला न्हाय." रवळूही तेच म्हणाला. राहिलेले दोघंही. सरांचं नाव वेगळं काढून घेतलं, दंड सांगितला, सही झाली. बाकी चौघांना पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर भावकू सरांच्या जवळ आला. आवाज चढवला नाही त्यानं.

"सर, आमाला कायदा म्हाईत न्हवता. तुमीच सांगितलासा, दारात बसा, आपण गुन्हा करूलाव न्हाय. तुमी सांगितलासा म्हणून बसलाव. व्हय की न्हाय?"

"व्हय," सर म्हणाले.

"मग आज?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं ते काकूंचं सांगतील. आंदोऱ्याचं सांगतील. पण त्या व्हरांड्यात, पायांत तुटक्या चपला घालून पहाटेच्या एस.टी.नं आलेल्या माणसाला काय सांगणार? बायकोला परदेशात फिरायला न्यायचंय म्हणून? सरांनी तोंड मिटलं. भावकू रवळूला घेऊन निघून गेला.

फेब्रुवारीत सरांचा पासपोर्ट आला. टपालवाला माझ्या दुकानावरनंच पुढं जातो, त्यानं मला दाखवला. सर लगोलग माझ्याकडं आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी कितीतरी महिन्यांनी त्यांना तसं बघत होतो. म्हणाले, "व्हिसाचं बघ. आंदोऱ्याचा वेगळा व्हिसा न्हाय, फ्रान्सचा नाहीतर स्पेनचा काढायचा, पण दोनदा आत जायचा काढायचा. एकदाच आत जायचा काढला तर परत येताना अडकून पडू." मग म्हणाले, "थांब, आधी तिला फोन लावतो."

तिथंच, माझ्यासमोर लावला. काकूंचा आवाज मला ऐकू येत होता.

"पासपोर्ट आला," सर म्हणाले. "माझा. आजच आला."

"कसा काय? अर्ज मंजूर झाला?"

"केस संपली."

पलीकडं बाळ रडत होतं. "कशी संपली?" काकूंनी विचारलं.

सरांनी सांगितलं. एका वाक्यात.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी सांगितलं होतं? परत मला न विचारता?"

"तुझ्यासाठी केलं, कल्याणी."

"माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "आता त्या डोंगराकडं बघितलं की मला काय दिसणार? तुम्ही कोर्टात उभं राहिलेलं दिसणार. मला नको. खरंच नको. तुम्ही जाऊन या वाटलं तर."

"मी एकटा जाऊन काय करू?"

"मी इतकी वर्षं काय केलं?" काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या असं मला वाटलं, पण खात्रीनं सांगता येणार नाही. "बाळ रडूलंय. ठेवते."

सरांनी फोन खिशात घातला. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. स्क्रीनवर व्हिसाचा फॉर्म उघडा होता, नावाच्या रकान्यात मी त्यांचं नाव घालून ठेवलं होतं. ते त्याच्याकडं बघत म्हणाले, "बंद कर रं ते."

ह्याला आता वर्ष झालं. काकू पुण्यातच आहेत. गणपतीला आल्या होत्या, पाच दिवस राहिल्या, घर स्वच्छ केलं, गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन आल्या, माझ्या दुकानातही आल्या. मी माफी मागणार होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. ते बरं झालं असतं का वाईट, मला अजून ठरवता येत न्हाय." आणि नातवाचे फोटो दाखवत बसल्या. जाताना स्टेशनवर सर पोचवायला गेले होते. दोघं फलाटावर शेजारी शेजारी उभे होते आणि दूधवाल्याला जास्तीचं दूध कधीपासनं बंद करायला सांगायचं त्याबद्दल बोलत होते.

सर आता शिकवण्या घेत नाहीत, कुणाच्या सभेला जात नाहीत. वाचनालयात जातात, पेपर उलटतात, येतात. एकच गोष्ट सोडलेली नाही. भावकूची केस अजून चालू आहे, आणि प्रत्येक तारखेला सर जातात. त्यांचं तिथं काही काम नसतं. व्हरांड्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. गेल्या महिन्यात मी माझ्या कामानं तिकडं गेलतो, तेव्हा बघितलं. सरांनी भावकूला चहाला विचारलं.

"पिऊन आलोय," भावकू म्हणाला.

सर मान हलवून परत जागेवर जाऊन बसले. पुकारा झाला, चौघं आत गेले, पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर आले आणि एस.टी. स्टँडकडं निघाले. सर त्यांच्या मागनं वीसेक पावलं ठेवून चालत गेले, आणि ते गाडीत बसेपर्यंत रस्त्याच्या ह्या बाजूला उभे राहिले.